किट लिहून देण्याआधी वजनकाटा पुढे ओढा : फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
गावोगावी, पेठापेठांत दवाखाने चालवणारे सर्व फॅमिली डॉक्टर,

स. न. वि. वि.

मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वजन कमी करायला येणाऱ्यांच्या फायलीत अलीकडे एक कागद वरचेवर सापडतो. त्यावर लिहिलेलं असतं, ‘एच. पायलोरी पॉझिटिव्ह’, म्हणजे जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू सापडला. कागद पुढे सरकवतानाच प्रश्न येतो, “मॅडम, पोटात जंतू निघालाय. तो मेला की वजन उतरेल ना?” कुठल्यातरी व्हिडिओत त्यांनी ऐकलेलं असतं की पोट सुटण्याचं खरं कारण पोटातला जंतू. काही जण नेमकी उलटी तक्रार घेऊन येतात. जंतू मारणाऱ्या गोळ्यांचं तयार किट संपवलं, जळजळ थांबली, पण पुढच्या काही महिन्यांत पँटची बटणं लागेनाशी झाली. “गोळ्यांची सूज असेल का हो?”

दोघांनाही मी उत्तर देते. पण हे उत्तर त्यांना गोळ्या सुरू होण्याआधी आणि तुमच्या तोंडून मिळायला हवं होतं. तुमचा शब्द ते ऐकतात; माझ्याकडे येईपर्यंत अपेक्षा पक्की झालेली असते. म्हणून हे पत्र.

या जंतूची मूळ गोष्ट तुम्हाला सांगण्याची गरज नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसले, दोन वर्षांनी तरुण बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले, १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तोवर अल्सर म्हणजे तिखट आणि टेन्शन, असंच समीकरण होतं. (तिखटाची या आरोपातून बऱ्याच अंशी सुटका झाली, याचा आम्हा कोल्हापूरकरांना इतरांपेक्षा काकणभर जास्त आनंद आहे.) १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा जंतू माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. अल्सर, जठराच्या कर्करोगाचा धोका, जठरातला एक प्रकारचा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग), कारण न सापडणारी लोहाची कमतरता, अशा कारणांसाठी त्याचा नायनाट करावा, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या यादीत वजनाचं नाव नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

आता वजनाशी त्याचं नातं काय, ते पाहू. अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात झालेल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतले रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा संसर्ग झालेल्या आणि न झालेल्या प्रौढांच्या बीएमआयमध्ये (उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्यात) सांगण्याजोगा फरक आढळला नाही. चीन आणि तैवानमधल्या काही अभ्यासांत संसर्ग असलेली माणसं जास्त जाड दिसली. याउलट, श्रीमंत देशांची आकडेवारी शेजारी शेजारी मांडली, तर जिथे जंतू ओसरला तिथे लठ्ठपणा वाढलेला दिसतो. अमेरिकी संशोधक मार्टिन ब्लेझर यांनी यावरून एक मोठा युक्तिवाद उभा केला: हा जंतू माणसाचा जुना सोबती आहे, तो गेल्यामुळे भुकेचं गणित बिघडलं असावं. सोबत जुनी आहे हे खरंच. सुमारे ५८,००० वर्षांपूर्वी माणूस आफ्रिकेबाहेर पडला तेव्हा हा जंतू त्याच्या पोटातून बरोबर निघाला, असं जनुकांवरून दिसतं. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या पोटातही तो होता. आणि गंमत म्हणजे त्याच्या जंतूचं नातं आजच्या युरोपीय जंतूंपेक्षा मध्य आणि दक्षिण आशियातल्या जंतूंशी जवळचं निघालं.

पण जुनी सोबत म्हणजे वजनावर नियंत्रण, असं म्हणता येत नाही. हा संसर्ग बहुतेकांना लहानपणीच होतो, आणि तोही दाटीवाटीच्या घरात. एका खोलीत झोपणारी माणसं कमी झाली, स्वच्छ पाणी नळाने घरात आलं, शिळंपाकं फ्रिजमध्ये जाऊ लागलं की पुढच्या पिढीत जंतू कमी होतो. त्याच घरात त्याच वर्षांत स्कूटर येते, तेलाचा डबा मोठा होतो, टीव्हीसमोर फरसाणाची पुडी उघडते. जंतू गेला आणि माणसं जाड झाली, या दोन्ही गोष्टी सुबत्तेच्या पोटी जन्मलेल्या असू शकतात. त्यातली एक दुसरीचं कारण आहे, हे नुसत्या पाहणीतून सिद्ध होत नाही. संसर्गवाले जास्त जाड दिसले म्हणजे जंतूनेच जाड केलं, हेही याच कारणाने मान्य करता येत नाही.

म्हणून मला इंग्लंडमधला ब्रिस्टलचा प्रयोग सगळ्यांत उपयोगी वाटतो. तिथे १० हजारांहून जास्त लोकांची श्वासाची चाचणी केली. त्यात पॉझिटिव्ह निघालेल्या १,५५८ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं: एका गटाला जंतू मारण्याचं औषध, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. २०११ मध्ये वजनाचे आकडे प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी औषधाच्या गटाचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ०.६ किलोने जास्त भरलं. ३ किलो किंवा त्याहून जास्त वजन वाढलेले लोक औषधाच्या गटात १९ टक्के होते, दुसऱ्या गटात १३ टक्के. जंतू मेल्यावर वजन उतरण्याचं सोडाच, काट्याचा कल किंचित वरच्या दिशेने गेला. हा प्रयोगही एक गोष्ट सुटी करून दाखवू शकत नाही: वजन वाढलं ते जंतू गेल्यामुळे, पोट बरं होऊन जेवण वाढल्यामुळे, की अँटिबायोटिकने आतड्यातली बाकीची वस्ती ढवळल्यामुळे? औषधाच्या गटात तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या होत्या.

भुकेच्या बाजूने पाहिलं तर एक दुवा पटण्यासारखा आहे. १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन शोधलं. जेवणाची वेळ जवळ आली की वाढणारं आणि भूक लावणारं हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. याच अस्तराला वर्षानुवर्षं दाह होत राहिला, पेशी झिजल्या, तर घ्रेलिन कमी पडणार. न्यूयॉर्कमधल्या माजी सैनिकांवरच्या २०११ च्या एका छोट्या अभ्यासात, जंतू गेलेल्या वीसेक जणांमध्ये जेवणाच्या सुमाराचं घ्रेलिन आणि तृप्तीची जाणीव देणारं लेप्टिन, दोन्ही वाढलेली आढळली, आणि दीड वर्षाने बीएमआय सरासरी ५ टक्क्यांनी वर गेला होता. वीसेक माणसांवरून नियम बांधू नये. पण अल्सर बरा झालेल्या जपानी रुग्णांतही वजनवाढ नोंदली गेली आहे, आणि माझ्या खुर्चीसमोर बसणारी माणसं याहून वेगळं सांगत नाहीत: “मॅडम, आता भूक लागते. इतकी वर्षं लागतच नव्हती.”

मग सगळ्यांचीच भूक मेलेली असते का? नाही. आणि माझ्या मते आकड्यांचा गोंधळ इथेच आहे. तुम्ही हे शिकलेले आहात, तरी रुग्णाच्या ताटाच्या बाजूने एकदा पाहा. काहींमध्ये दाह जठराच्या खालच्या टोकाला जास्त असतो. त्यांचं आम्ल वाढतं, पुढे लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर होऊ शकतो, आणि ती कळ खाल्ल्यावर शमते. असा माणूस रात्री दोनला उठून दूध पितो. खिशात बिस्किटाचा पुडा ठेवतो. दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या दर तासाला खारी, टोस्ट, शेव असं काहीतरी तोंडात टाकतो. त्यातून कुणीतरी सांगितलेलं असतं, “पोट रिकामं ठेवू नका, पित्त होतं.” चार मारी बिस्किटं म्हणजे शंभराच्या आसपास कॅलरी, साखरेच्या चहासोबत दिवसातून चारदा झाली की एका जेवणाचा ऐवज होतो, आणि त्याला कुणी जेवण म्हणत नाही. माझ्या वहीत ‘मी काहीच खात नाही’ असं सांगणाऱ्यांमध्ये या मंडळींची भरती मोठी आहे.

दुसऱ्या प्रकारात दाह जठराच्या वरच्या, मोठ्या भागात पसरतो. आम्ल कमी होतं, अस्तर झिजतं, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटतं. हा माणूस तुरीची डाळ सोडतो, मग वांगं सोडतो, मग रात्रीचं जेवणच सोडतो. मऊ भात आणि ताकावर वर्षं काढतो. जंतू तोच, पण एकाला तो खायला लावतो आणि दुसऱ्याचं खाणं तोडतो. दोघांची बेरीज करून सरासरी काढली की ‘संबंध नाही’ असं उत्तर येतं, त्यात नवल ते काय? ही माझी अटकळ आहे, मान्य आहे. पण तुम्ही रुग्णाला ‘खाल्ल्यावर बरं वाटतं की खाल्ल्यावर वाढतं?’ एवढा एक प्रश्न विचारलात, तर किटनंतर त्याचं वजन कुठे जाईल याचा थोडाफार अंदाज आधीच बांधता येईल, असं मला वाटतं. बिस्किटवाल्याची सवय मोडली तर तो उतरेल. मऊ भातवाला सुटेल आणि सगळं एकदम सुरू करील.

हे दुसरं मी अनेकदा पाहते. पोट बरं झाल्याचा पहिला सोहळा मिसळीने होतो. कट वेगळा, तर्री वेगळी, पाव चार. मग रविवारचा तांबडा-पांढरा. बिचाऱ्याने कित्येक वर्षं सोसलेलं असतं, त्याला नाही म्हणायला माझाही जीव होत नाही. पण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की भूक परत येणार आहे, ती हळूहळू घ्यायची आहे. भाकरी, उसळ, ताक, पालेभाजी अशा जेवणाने ती भूक आधी भरली, तर मिसळीलाही जागा राहते. त्याला ‘जंतू गेला, आता काहीही खा’ एवढंच सांगितलेलं असतं. हे वाक्य तुम्ही प्रेमाने म्हणता हे कळतं मला, पण ते वाक्य कृपा करून बदला.

०.६ किलो म्हणजे काहीच नाही, असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. आपल्या लोकांच्या बाबतीत मी तेवढी निर्धास्त नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण बारीक दिसूनही आतून चरबीचे, आणि ती चरबी पोटावर. म्हणून तर भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८०. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९–२१ मध्ये देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष जास्त वजनाचे निघाले, आणि तेही २५ ची जुनी रेषा धरून. कमरेवरचे दोन सेंटिमीटर आपल्याकडे साखरेच्या रिपोर्टात दिसतात. म्हणून माझी विनंती: किटची चिठ्ठी लिहिण्याआधी वजनकाटा पुढे ओढा आणि टेप कमरेला लावा. मिनिटभराचं काम आहे. सहा महिन्यांनी तोच माणूस सर्दीसाठी येईल, तेव्हा पुन्हा मोजा. म्हणजे ‘गोळ्यांनी सूज आली’ या शंकेला आकड्याने उत्तर देता येईल.

तपासणीबद्दलही थोडं बोलायचं आहे, कारण वजनाच्या नावाखाली जंतूची चाचणी करून घ्यायची टूम आता माझ्यापर्यंत पोचली आहे. कुठलीच पोटदुखी नाही, जळजळ नाही, नुसतं ‘वजन का वाढतंय’ म्हणून लॅबमध्ये जाऊन रक्तातल्या अँटिबॉडी (जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं) तपासून घ्यायच्या. आपल्या देशात निम्म्याहून जास्त प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी हा संसर्ग झालेला असतो. रक्ताची ही चाचणी जंतू आत्ता आहे की पूर्वी होता हे सांगू शकत नाही. मग जाड माणसांपैकी अर्ध्याअधिकांना ‘कारण’ सापडल्याचा आनंद होणार, आणि खरं कारण ताटात आणि खुर्चीत तसंच राहणार. चाचणी हवीच असेल तर श्वासाची, नाहीतर शौचातल्या अँटिजेनची, म्हणजे जंतूच्या अंशाची, किंवा दुर्बिणीतून तुकडा घेऊन ती पिवळ्याची गुलाबी होणारी चाचणी. तीही पॅन्टोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद ठेवून. आपल्याकडे ‘पित्ताची गोळी’ सकाळच्या चहाआधी घेणारी घरंच्या घरं आहेत. गोळी चालू ठेवून केलेली चाचणी निगेटिव्ह आली की जंतू नाही असं समजून रुग्ण निघून जातो, तो पुढच्या वेळी रक्ताची उलटी घेऊनच येण्याचा धोका असतो.

आणि औषध द्यायचं ठरलं तर ते पुरं द्या. मेडिकलमध्ये सात दिवसांचं तयार किट मिळतं आणि अनेक जण तेवढ्यावरच थांबतात. या जंतूच्या उपचारांवरच्या २०२२ च्या मास्ट्रिक्ट-फ्लोरेन्स या युरोपीय मार्गदर्शक सूचनांमध्ये १४ दिवसांवर भर आहे. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या एच. पायलोरीचं नाव जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये धोकादायक जंतूंच्या यादीत घातलं होतं, आणि मेट्रोनिडाझोलला तर आपल्याकडे तो केव्हाचा सरावला आहे. वजन कमी व्हावं म्हणून अर्धवट किट खाणारा माणूस वजनही घालवत नाही आणि पुढे अल्सर झाला तर कामी येणारं औषधही घालवून बसतो. या पत्रातली सगळ्यांत कडक ओळ लिहायची झाली तर मी हीच लिहीन.

एका ठिकाणी मात्र जंतू आणि लठ्ठपणा यांची गाठ खरोखर पडते, ते म्हणजे वजनाच्या शस्त्रक्रियेचं टेबल. जठराची बायपास केल्यावर जठराचा मोठा भाग बाजूला पडतो आणि तिथे नेहमीची दुर्बीण पोचत नाही. म्हणून अनेक सर्जन आधीच जंतू शोधून काढतात आणि मारतात. वरच्या घुमटासकट जठराचा बाहेरच्या बाजूचा मोठा भाग कापून नळी उरवतात त्या शस्त्रक्रियेत घ्रेलिन बनवणारी बरीचशी जागाच निघून जाते. तिथे ही तपासणी वजनासाठी नसून शस्त्रक्रिया सुखरूप व्हावी म्हणून असते. तुमच्याकडून पुढे पाठवलेला रुग्ण तिथून ‘आधी जंतूचं बघा’ असा निरोप घेऊन परत आला, तर नातेवाइकांना हा फरक समजावून सांगा. नाहीतर व्हिडिओतल्या सल्ल्याला डॉक्टरांचा शिक्का मिळाल्यासारखं होतं.

आणखी एक, जाता जाता. मधुमेहाचा, जाड, शाकाहारी रुग्ण. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू, पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू, जठरात हा जंतू. शाकाहार धरून या चारही गोष्टी बी-१२ जीवनसत्त्व खाली ओढणाऱ्या. असा माणूस थकलेला असतो, जिना चढायला नको म्हणतो, आणि आपण दोघंही त्याला ‘चाला, चाला’ म्हणत राहतो. त्याचं बी-१२ एकदा बघा. जंतूमुळे वजन वाढलं असं मी म्हणत नाही, पण पाय उचलत नसेल तर माझा आहारतक्ता काय करणार?

तुमच्या शहरातल्या डॉक्टरांच्या मासिक सभेत अर्धा तास मिळाला तर मी माझ्या खर्चाने येईन. किट संपल्यानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांचा तक्ता मी इथल्या जेवणावरून केला आहे: ज्वारीची भाकरी, नाचणीचं आंबील, मुगाची उसळ, आठवड्यातून एकदा मटण आणि हो, पंधरा दिवसांतून एकदा मिसळही आहे त्यात. कोकणातल्या, विदर्भातल्या दवाखान्यांना तो तसाच चालणार नाही. तिथल्या आहारतज्ज्ञांनी आपला करावा. छापील प्रती हव्या असतील तर कळवा. मागच्या बाजूला वजन आणि कंबर लिहायला दोन रकाने ठेवले आहेत, एक किटच्या आधीचा आणि एक सहा महिन्यांनंतरचा. ते तुम्हीच भरायचे आहेत.

कळावे,

आपली नम्र,
एक आहारतज्ज्ञ, कोल्हापूर